प्रकटीकरणातला तराजू

जगबुडीची अफवा उठली की बायबलमधला शेवटचा ग्रंथ हमखास चर्चेत येतो. मराठीत तो ‘प्रकटीकरण’, कन्नडमध्ये ‘प्रकटने’. दोन्हींचा अर्थ एकच, झाकलेले उघडे करणे. १८३७ साली धारवाडात बासेल मिशनचे काम सुरू झाले. या भागातल्या चर्चमध्ये आजही हा ग्रंथ कन्नडमधून वाचला जातो.

त्यात तारीख शोधणाऱ्यांची मात्र निराशाच होते. १८४४ साली अमेरिकेत विल्यम मिलर यांचे हजारो अनुयायी ख्रिस्ताची वाट पाहत बसले; ठरलेला दिवस आला नि गेला.

बहुतेक अभ्यासकांच्या मते हा ग्रंथ पहिल्या शतकाच्या अखेरचा. रोमन सत्तेखालच्या, आजच्या तुर्कस्तानातील सात मंडळ्यांना तो लिहिला गेला. लावदिकीयाच्या श्रीमंत मंडळीला ‘कोमट’ म्हणून त्यात खडसावले आहे. सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरच्या स्वाराच्या हाती तराजू आहे. दिवसभराच्या मजुरीत जेमतेम एकाच्या पोटापुरते गहू! अठराव्या अध्यायातली बाबेलच्या मालाची यादी सोन्यापासून सुरू होते आणि माणसांच्या विक्रीवर संपते.

हुबळीसारख्या बाजारपेठेला हे चटकन उमगावे. आपल्या दुकानातला हमाल, घरातली मोलकरीण, यांच्या पगारात किती दिवसांचे धान्य येते? श्रद्धेने जगायचे तर हा हिशेब आधी मांडावा लागेल.

सातव्या अध्यायात सर्व भाषांचे लोक एकत्र उभे आहेत. आपली भाषा सोडून या, असे तिथे कुणाला सांगितलेले नाही. स्वयंपाकघरात मराठी आणि अंगणात कन्नड बोलणाऱ्या आपल्या घरांनी सीमेच्या वादात एवढे तरी ध्यानात ठेवावे.