वर्गांतील वाद आणि रूढींचा प्रश्न

दोन समाजांच्या रूढींत नीतीचा संघर्ष उत्पन्न झाला, तर विद्यार्थ्यांना त्यावर वाद करावयास कसें शिकवावें, याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळेंत शिकविलें, एवढाच माझा अधिकार.

वरच्या वर्गांत मी रखमाबाईंचा खटला वादासाठीं घेत असें. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या मुलीनें वयांत आल्यावर नांदावयास जाण्याचें नाकारलें. पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं मुंबई हायकोर्टांत दावा लावला. १८८५ त न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. परंतु अपिलानंतर प्रकरण पुन्हां सुनावणीस आलें, आणि १८८७ त निकाल झाला कीं, नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी. बाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली! अखेर १८८८ त दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, व पुढें त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

पहिल्या खेपेस माझी चूक झाली. 'रूढि' आणि 'सुधारणा' असे दोन तट पाडून मीं मुलांना मोकळें सोडलें. एका चतुर मुलानें बालविवाह करणाऱ्या घरांना रानटी म्हटलें, टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरील एक मुलगी मान खालीं घालून बसली. तिच्या आजीचें लग्न बाराव्या वर्षीं झालें होतें, हें मला मागाहून कळलें.

पुढच्या आठवड्यांत तोच विषय पुन्हां दिला. पण नियम असा कीं, प्रतिपक्षाचें म्हणणें त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधीं मांडावें, मगच खोडावें. टिळक केवळ रूढीचे कैवारी, अशी मुलांची समजूत. समाजानें आपली सुधारणा आपण करावी, परक्या सरकारनें ती कायद्यानें लादूं नये, हा त्यांचा मुद्दा नीट मांडतांना सुधारकपक्षाच्या मुलांचा आवाज उतरला. उलट पक्षाला आगरकर, मलबारी यांच्या बाजूनें विचारावें लागलें कीं, समाज जागा होईपर्यंत या मुलींनीं काय करावें? १८९१ च्या कायद्यानें संमतिवय दहावरून बारा झालें, तेव्हांचें भांडणहि मुळांत हेंच.

येथें मी एक माहिती पुरवीत असें. पत्नीला नांदावयास लावण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रांतला नसून इंग्लंडांतील चर्चच्या न्यायालयांतून इकडे आलेला. शिवाय ज्या १८८४ सालीं दादाजींनीं दावा लावला, त्याच सालीं इंग्लंडांत अशा हुकुमाच्या अवज्ञेबद्दलची कैद रद्द झाली होती! 'आपलें विरुद्ध परक्यांचें' ही सोपी वांटणी मग टिकत नाहीं.

अशा शिकवणीनें मुलें 'ज्याची रूढि त्याला बरी' म्हणून मोकळीं होतील, अशी शंका कांहीं पालक घेत. तो आळस मलाहि खपत नाहीं. म्हणून प्रत्येक वक्त्याला मी विचारीं, "या रूढीचा भार कोणाच्या अंगावर पडतो? त्या माणसाला कोणीं विचारलें होतें काय?"

मागच्या बाकावरील ती मुलगी हा प्रश्न घेऊन आजीकडे गेली. दुसऱ्या दिवशीं तिनें उभें राहून सांगितलें, "आजी म्हणते, घर चांगलें मिळालें, पण मला कोणीं विचारलें नव्हतें." दोन्ही पक्षांनीं तें वाक्य आपलेंच म्हणून उचललें, आणि तासाची घंटा झाली तरी कोणी जागचा हलेना.