पिवळी व्हायलाच हवी अशी नळी

सकाळी ७. वाळूज एमआयडीसीतल्या इंजेक्शनच्या कारखान्यात आज ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, वार्षिक रिक्वालिफिकेशन. सुरुवात बोवी-डिक चाचणीने: १३४ अंश, साडेतीन मिनिटं. पाकिटातल्या कागदाचा रंग मधोमधही सारखा बदलला, म्हणजे हवा नीट निघाली. जिथे हवा अडकते, तिथे वाफ पोचत नाही.

८.३०. लोड लावते: रबरी बुचं, फिलिंग मशीनचे भाग, गाऊन. गठ्ठ्याच्या पोटात, लांब नळीच्या आत, ड्रेनजवळ, अशा अवघड जागी थर्मोकपल आणि शेजारी बीजाणूंची नळी ठेवते. प्रत्येकीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे दहा लाख बीजाणू. माणसाला निरुपद्रवी, वाफेला मात्र फार चिवट.

१०. सायकल सुरू, १२१ अंश. "मॅडम, तापमान स्क्रीनवर दिसतंय, मग नळ्या कशाला?" नवा ट्रेनी विचारतो. मी सांगते, "थर्मोकपलला फक्त उष्णता कळते. १२१ अंशांच्या कोरड्या हवेत हे बीजाणू आरामात जगतात." मग गणित मांडते. दर दोन मिनिटांना नऊ-दशांश मरत असतील, तर दहा लाखांचा एक व्हायला बारा मिनिटं. तो एक उरण्याची शक्यताही दहा लाखांत एक इतकी खाली आणायला आणखी बारा.

१२.३०. थंड झालेल्या नळ्या रीडरमध्ये. बीजाणूतलं अल्फा-ग्लुकोसिडेज एन्झाइम शाबूत असेल, तर ते द्रवातला पदार्थ तोडतं आणि अतिनील प्रकाशात चमक दिसते. सगळ्या काळोख्या. कंट्रोल, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये न गेलेली नळी, तेवढी चमकते.

२. तरीही सगळ्या नळ्या इनक्युबेटरमध्ये, सात दिवसांसाठी. एक जरी बीजाणू जगला, तरी तो वाढून आम्ल सोडतो आणि जांभळा द्रव पिवळा होतो.

४. गेल्या आठवड्यातल्या सायकलचा सातवा दिवस. लोडमधल्या सगळ्या नळ्या जांभळ्या, कंट्रोल पिवळी. ट्रेनीला आधी कंट्रोल बघायला लावते. ती पिवळी झाली नसती, तर बाकीच्यांच्या जांभळ्या रंगावरून काहीच ठरलं नसतं. बीजाणू कदाचित आधीच मेलेले असते.

५.३०. रजिस्टरमध्ये कंट्रोलची नोंद सर्वांत वर करते, मग सही. या बुचांखालचं औषध थेट शिरेत जाणार. तिथे जंतूला अडवायला ना कातडी, ना जठरातलं आम्ल. जी चाचणी 'नाही' म्हणू शकते, तिच्याच 'हो'वर मी सही करते.