बिलावरचा बॅच नंबर

मुलगा पुण्यात नोकरीला, आई वळसंगला. महिना संपत आला की तो मोबाइलवरून तिच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मागवतो आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावात पार्सल दारात येतं. सोलापूरचा हेलपाटा वाचतो, चार पैसेही सुटतात. या सोयीला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. पण त्या खोक्यातल्या औषधाची जबाबदारी कोणाची, हे त्या मायलेकरांना माहीत असलंच पाहिजे.

अॅपवर नाव मोठ्या कंपनीचं दिसतं. औषध बांधून पाठवणारं मात्र कुठलं तरी परवानाधारक मेडिकल असतं. त्याचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक बिलावर हवा. आपला औषधांचा कायदा 1940 चा आणि नियम 1945 चे, तेव्हा ऑनलाइन विक्री कोणाच्या स्वप्नातही नव्हती. केंद्राने ऑगस्ट 2018 मध्ये ई-फार्मसीसाठी वेगळ्या नियमांचा मसुदा काढला, त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं, आणि पुढची कित्येक वर्षं मसुदा मसुदाच राहिला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तर 2015 मध्येच स्नॅपडीलवर कारवाई केली होती. चिठ्ठीवर मिळणारी औषधं तिथे विक्रीला असल्याचा आक्षेप होता. म्हणजे आजही आधार जुन्याच नियमांचा. शेड्यूल एच या यादीतलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही, आणि ते नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं. 2014 पासून लागू झालेल्या एच-वन यादीतल्या औषधांची नोंद वेगळ्या रजिस्टरात करून ती तीन वर्षं जपायची. चिठ्ठी न मागता असं औषध पाठवणारं अॅप कितीही स्वस्त असो, ते मोबाइलमधून काढून टाकावं.

बिल फेकून देऊ नका, असं मी कळकळीने सांगतो, त्याला कारण आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणलं होतं. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विष निघालं. मग आपल्या प्रशासनानेही बजावलं, एसआर-13 बॅचची बाटली घरात असेल तर वापर ताबडतोब थांबवा. याच विषाने 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्णांचा जीव घेतला होता आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. बाहेरून बाटली चांगलीच दिसते. अशा वेळी घरातली बाटली त्यातलीच का, हे फक्त बॅच नंबर सांगतो. दुकानदाराने तो बिलावर लिहिलेला असेल, तर कोणत्या घरात काय गेलं हे त्यालाही शोधता येतं. ऑनलाइन दुकानाकडे ग्राहकाचा फोन आणि पत्ता दोन्ही असतात. औषध परत मागवायची वेळ आली, तर गावातल्या मेडिकलपेक्षा ते लवकर कळवू शकतं. ही त्याची खरी ताकद आहे, आणि ती वापरायला त्याला भाग पाडलं पाहिजे.

दुसरी काळजी उन्हाची. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीपार असतो. पुष्कळशा गोळ्यांवर 30 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. न उघडलेलं इन्सुलिन तर 2 ते 8 अंशांत ठेवायचं. भर दुपारी मोटारसायकलवरच्या बॅगेत ते तापलं, तर बाटली तशीच स्वच्छ दिसते, गुण मात्र कमी होतो. मग साखर वाढते आणि बोल लागतो आईच्या पथ्याला. इन्सुलिन बर्फाच्या पिशवीसह, थर्माकोलच्या डब्यात आलं नसेल, तर घेऊ नये. ते गोठलेलं असेल, तरीही परत करावं. उन्हाळ्यात इन्सुलिन सोलापूरच्या खात्रीच्या दुकानातून स्वतः आणणं मला जास्त बरं वाटतं.

उरतो तो फार्मासिस्ट. चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच औषधाऐवजी, घटक तेच असले तरी, दुसऱ्या नावाचं औषध परस्पर देता येत नाही, असा नियम आहे. तो मोडला की काय होतं ते घरात दिसतं. जुनी स्ट्रिप निळी, नवी हिरवी, नाव इंग्रजीत. ही वेगळी गोळी समजून आई दोन्ही घेते. साखर एकदम उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. गावातल्या मेडिकलवाल्याने स्ट्रिप हातात देतानाच सांगितलं असतं, ‘मावशी, ही त्याच्याच जागी घ्यायची.’ पार्सल बोलत नाही. म्हणून ऑर्डर देताना फार्मासिस्टचा फोन मागून घ्यावा, आणि तो पुण्यातल्या मुलाला नको, वळसंगच्या आईला यावा. या भागात अनेक घरांत कन्नड बोलतात. आईचं घर तसं असेल, तर बोलणारा कन्नड जाणणारा हवा, हेही ऑर्डरमध्येच लिहावं.