वय झालं म्हणजे काय झालं?

आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

माझे थोरले बंधू सदाशिव पेठेत राहतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा त्यांचं वय 72. सकाळी चहा घेताना त्यांच्या उजव्या हातातून कप गळून पडला. बोलायला गेले, तर शब्द जड येऊ लागले. वहिनी घाबरल्या. मी तिथंच बसलो होतो. जन्मभर मुलांना शिकवलं, शाळा चालवली, आणि त्या वेळी मी काय बोललो? "वय झालं वहिनी. रात्री झोप झाली नसेल. जरा पडू द्या त्यांना." आम्ही दादांना निजवलं. हाताला तेल चोळलं. दुपारी जेवायला उठवलं, तर तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. मग धावपळ.

तो अर्धांगाचा झटका होता. काही लोक त्याला लकवा म्हणतात. मेंदूला रक्त नेणारी एक नळी गुठळीने बंद झाली होती. रक्त थांबलं, की मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो. अशी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. पण पहिली खूण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं. जितकं लवकर तितकं चांगलं. आमचे सहा तास तेल चोळण्यात गेले. दादांचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

तेव्हा तीन खुणा पाठ करून ठेवा. तोंड वाकडं होणं. एक हात किंवा पाय लुळा पडणं. बोलणं अडखळणं. यांतली एकही खूण अचानक दिसली, तर घड्याळात किती वाजले ते बघा आणि लगेच 108 नंबरला फोन करा. ही सरकारी गाडी फुकट येते. डोक्याचा सीटी स्कॅन होतो अशाच इस्पितळात न्यायला सांगा. कारण नळी तुंबली आहे की फुटली आहे, हे त्याशिवाय कळत नाही, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. रोग्याच्या तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नका. घास श्वासनळीत जातो. दहा मिनिटांत बरं वाटलं, तरी दवाखान्यात जाच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

आता हे झालं कशामुळे? दादांना ब्लडप्रेशर होतं. गोळी चालू होती. मग एकदा तपासलं, तर प्रेशर बरोबर निघालं. दादा म्हणाले, "आता बरं आहे, कशाला उगाच गोळ्या?" आणि त्यांनी गोळी सोडून दिली. अहो, गोळी घेत होते म्हणूनच प्रेशर बरोबर होतं! छत्रीखाली आपण भिजत नाही, म्हणून भर पावसात कोणी छत्री मिटतं का?

रक्त नळ्यांमधून जोराने वाहतं. तो जोर म्हणजे ब्लडप्रेशर. बागेतला रबरी पाइप जुना झाला, की कडक होतो. त्यात पाण्याचा जोर वाढला, तर आतून खराब होतो, कधी फुटतो. आपल्या नळ्यांचं तसंच. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तपासल्याशिवाय समजत नाही. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 यांच्या पुढे वारंवार गेला, तर डॉक्टरांना दाखवा. तपासायला पैसे लागतील म्हणून घरी बसू नका. महापालिकेच्या दवाखान्यात जा.

मीठही जपून खा. दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी. त्यात भाजी, आमटी, लोणचं, पापड सगळं आलं. पुणेकराला बाकरवडी सोडा म्हणणं माझ्याही जिवावर येतं. पण रोज नको.

'वय झालं' हे बोलणं आणखी एक घात करतं. ते माणसाला खुर्चीत बसवतं. बसून राहिलं, की मांड्यांचं मांस झडतं. मग पाय लटपटतात. एखाद्या रात्री ओल्या मोरीत पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस पुन्हा उभं करणं फार कठीण. मोरी कोरडी ठेवा, रात्री दिवा ठेवा, धरायला दांडी लावून घ्या. रोज अर्धा तास चाला. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. तोल जात असेल तर भिंतीजवळ. आणि रात्री नुसत्या चहा-खारीवर भागवू नका. डाळ, उसळ, ताक, चालत असेल तर अंडं खा. मांस त्यानेच टिकतं.

आपल्या पुण्याच्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं पाहा. जन्म 1858 चा. फर्ग्युसन कॉलेजात शिकवून ते पायी हिंगण्याच्या आश्रमात जात. 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा वय 58. 78 व्या वर्षी खेड्यांतल्या शाळांसाठी मंडळ काढलं. 1962 साली वारले, तेव्हा 104 वर्षांचे होते. केवळ चालण्याने ते शंभरी ओलांडून गेले, असं मी म्हणत नाही. आयुष्य कोणाच्या हातात असतं? पण 'वय झालं' म्हणून ते बसून राहिले नाहीत, हे खरं.

दादा आता डाव्या हाताने सही करतात. गोळ्यांच्या डबीवर वारांची नावं लिहून घेतली आहेत. मागच्या महिन्यात तेच मला दवाखान्यात घेऊन गेले. मला तर काहीच होत नव्हतं. वरचा आकडा 158 निघाला. आठ दिवसांनी परत बोलावलं, तरी जवळपास तेवढाच. आता रोज सकाळी आठ वाजता दादांचा फोन येतो, "घेतलीस का रे गोळी?"