एकच धडक, चार शिक्षा

समजा देगलूरहून उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पादचारी ट्रकखाली सापडून मरण पावला. ट्रकचे वस्तुमान ८,००० किलोग्रॅम आणि वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, असे धरा. गतिज ऊर्जेचे सूत्र वापरून तुम्ही चटकन सांगाल : ९ लाख जूल. पण ड्रायव्हरला शिक्षा किती द्यावी, हे त्या ९ लाखांतून निघत नाही.

ड्रायव्हर सावध होता, ट्रक सुस्थितीत होता आणि माणूस झाडाआडून एकदम पुढे आला, तर तो निव्वळ अपघात. कायद्याने गुन्हाच नव्हे. ड्रायव्हर बेफिकिरीने गाडी दामटत होता, तर ती हयगय. ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. समोर आठवडी बाजाराची गर्दी आहे, माणसे मरण्याचा संभव आहे हे कळत असूनही त्याने ट्रक आत घातला, तर तो सदोष मनुष्यवध ठरू शकतो. १० वर्षांपर्यंत कैद. आणि जुन्या भांडणाचा सूड उगवायचा म्हणून तो वाट पाहत थांबला होता, तर तो खून. जन्मठेप किंवा फाशी. धडक तीच, ऊर्जा तीच, मरणही तेच. फरक आहे तो ड्रायव्हरच्या मनात.

हे नियम भारतीय न्याय संहितेतले. १८६० सालच्या दंड विधानाच्या जागी ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली. मालमत्तेच्या गुन्ह्यांतही अशाच पायऱ्या आहेत. गुपचूप नेली ती चोरी, मारहाणीने किंवा धाक घालून नेली ती जबरी चोरी, आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून तसे केले की दरोडा. नव्या संहितेत एक पायरी अगदी खालची आहे : वस्तू ५,००० रुपयांहून कमी किमतीची असेल, चोराला पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवा करावी लागते. मला ही तरतूद पटते.

आता प्रश्न असा, की मन मोजायचे कशाने? इलेक्ट्रॉन आपल्याला दिसत नाही. मेघपेटीत उमटलेल्या त्याच्या मागावरून आपण त्याला ओळखतो. न्यायाधीशही तेच करतात. हत्यार आधी आणून ठेवले होते का? घाव पायावर होता की डोक्यावर? आरोपी पळाला, की त्याने जखमीला दवाखान्यात नेले? अशा खुणांवरून हेतू ठरतो. पुढे वय, परिस्थिती, सुधारण्याचा संभव पाहून शिक्षेचा आकडा ठरतो. फाशी मात्र ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सांगितले.

प्रयोगशाळेत व्हर्निअरचे वाचन चुकले तर आपण पुन्हा घेतो. म्हणून तर मी विद्यार्थ्यांना तीन वाचने घ्यायला लावतो (आणि तिन्ही अगदी सारखी आली की मला संशय येतो!). कैदेची शिक्षा चुकली तर गेलेली वर्षे परत येत नाहीत, पण माणूस तरी घरी येतो. फाशी ही उलट न फिरणारी क्रिया आहे.

ही केवळ कल्पना नाही. नाशिक जिल्ह्यात २००३ साली एक भीषण दरोडा पडला आणि त्यात पाच जण मारले गेले. भटक्या जमातींतील सहा गरीब माणसांवर खटला चालला. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली व तिघांची जन्मठेपेवर आणली; २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांहून लहान होता, हे पुढे सिद्ध झाले. प्रकरण पुन्हा तपासले गेले, तेव्हा दिसले की वाचलेल्या साक्षीदार बाईंनी आरंभी पोलिसांकडच्या छायाचित्रांतून ओळखलेली चार माणसे वेगळीच होती. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर त्यांची पंधराहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती.