भरतीचा काटा आणि आठवीपर्यंतचे ताट

जयपूरच्या झोटवाडा भागातील आमच्या वसाहतीच्या फाटकावर रात्रपाळी करणारे गृहस्थ सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. मूळचे सीकर जिल्ह्यातले. मी त्यांना ‘हवालदारसाहेब’ म्हणतो. मागच्या एका उन्हाळ्यात पहाटेच्या फेरीला निघालो असता त्यांनी आपल्या धाकट्या मुलाला माझ्यासमोर उभे केले. मुलगा अग्निवीर भरतीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला होता. मैदानी चाचणी पाच आठवड्यांवर आली होती. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७८ किलो. ‘साहेब, पाच-सहा किलोंचाच प्रश्न आहे. काही उपाय सांगा,’ हवालदारसाहेब म्हणाले. मी जन्मभर उपाय सांगण्याचीच नोकरी केली. ‘रोटी बंद कर, दोन वेळा पळ, उतरेल,’ असे सांगून मी पुढे निघालो.

त्या सल्ल्याची आज मला लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

सैन्याची अट उंची व वयाच्या प्रमाणात वजन असावे, अशी आहे. उंचीच्या हिशेबाने पाहता या मुलाचा ‘बीएमआय’ २७ होता. तो २५ वर आणायचा तर वजन ७२ किलोंवर यायला हवे. आठवड्याला अर्धा ते एक किलो घटवणे शरीराला सोसते, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे सहा किलोंसाठी दीड ते तीन महिने हवेत. मुलाजवळ पाच आठवडे होते. त्याने रोटी सोडली, मग भात, मग दूध. जूनच्या उन्हात पोटाला प्लास्टिक गुंडाळून तो पळू लागला. शेवटच्या आठवड्यात त्याने पाणीही तोडले. चाचणीच्या दोन दिवस आधी तो रस्त्यावरच कोसळला. दवाखान्यात सलाइन लागले आणि घामावाटे घालवलेले वजन सलाइनवाटे परत आले.

तरीही तो चाचणीला गेला. भरतीच्या मैदानावर आधी धावणे असते. उंची, छाती, वजन आणि वैद्यकीय तपासणी नंतर. १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत कापले, तर पूर्ण ६० गुण. तिसऱ्या फेरीतच त्याच्या पायांतले बळ सरले आणि तो मुदतीबाहेर गेला. ज्या काट्यासाठी त्याने अन्नपाणी सोडले, त्या काट्यावर उभे राहण्याची वेळच आली नाही.

हा मुलगा आळशी नव्हता. फेब्रुवारी २०२३ पासून सैन्यभरतीचा क्रम बदलला. पूर्वी आधी मैदान आणि मग लेखी परीक्षा असे; आता आधी संगणकावरील सामायिक परीक्षा आणि उत्तीर्ण झालेल्यांनाच मैदान. प्रशासकीय दृष्टीने हा बदल योग्यच म्हणावा लागेल. पूर्वी मैदानावर लोटणारी गर्दी मी पाहिली आहे. एका जिल्ह्यात अशा मेळाव्यासाठी अडथळे, पाण्याचे टँकर आणि रुग्णवाहिका यांची व्यवस्था माझ्याकडेच होती. परंतु प्रत्येक सुधारणेची सावली कुठेतरी पडतेच. गावात गुरे राखणारा मुलगा दीड वर्ष शहरातल्या शिकवणीत बाकावर बसला, एका खोलीत चौघांबरोबर राहिला आणि कचोरी, समोसा, खाणावळीतील पुरी यांवर वाढला. लेखी परीक्षेची तयारीच त्याच्या मैदानी परीक्षेच्या आड आली. त्यात वयाची कमाल मर्यादा तेव्हा २१ होती. पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणण्याची मुभा फारच थोड्यांना असते.

झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. सरकारी नोकरीसाठी आपली मुले शरीराला कोठवर ताणतात, हे त्या मैदानांवर दिसले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला सैन्याच्या मोजपट्टीचे कुतूहल आहे. या शेखावाटीतच १८३५ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली शेखावाटी ब्रिगेड उभी राहिली. पुढे ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त आला आणि जात हीच चाळणी झाली. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. त्या तुलनेत वजनकाटा न्यायी आहे. तो जात विचारत नाही. पण मुलगा काय खाऊन वाढला, हे तो अचूक सांगतो.

आणि ते चित्र गुंतागुंतीचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २२.९ टक्के पुरुष अतिवजनाचे आढळले आणि १६.२ टक्के प्रमाणापेक्षा कृश. पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुरटलेली होती. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांच्याच शरीराचे उदाहरण मांडले होते. दोघांचाही ‘बीएमआय’ २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून किती वेगळे असू शकतात, हे त्यातून कळते. आपल्याकडे या चरबीची मुळे आईच्या गर्भारपणातील पोषणापर्यंत जातात, असे पुण्यातील संशोधन सांगते.

बोअर युद्धाच्या वेळी इंग्लंडमध्ये भरतीला आलेले शहरी कामगार मोठ्या संख्येने नापास झाले. त्याची चौकशी करणाऱ्या समितीने १९०४ मध्ये अहवाल दिला आणि १९०६ मध्ये शाळकरी मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. अमेरिकेतील १९४६ च्या शालेय भोजन कायद्यामागेही महायुद्धातील भरतीत नाकारलेल्या तरुणांचा अनुभव होता. त्याच अमेरिकेने ऑगस्ट २०२२ पासून फोर्ट जॅक्सन येथे चरबीच्या निकषात थोडक्यात अडलेल्या उमेदवारांसाठी देखरेखीखालील पूर्वतयारी वर्ग सुरू केला. निकष तसाच राहिला. तो गाठायला सरकारने हात दिला.

आपली शालेय भोजनाची लढाई तर राजस्थानातूनच सुरू झाली. २००१ मध्ये ‘पीयूसीएल’च्या राजस्थान शाखेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेल्या मध्यान्ह भोजनाचा आदेश झाला. आमच्याकडे आरंभी उकडलेल्या गव्हाची गोड घूगरी असे. ती वाटताना मुलांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. पण आजही ही योजना आठवीपर्यंतच आहे. चौदाव्या वर्षी, शरीर सर्वाधिक वेगाने वाढत असताना, राज्य त्या मुलाच्या ताटापासून उठून जाते आणि साडेसतराव्या वर्षी मोजपट्टी घेऊन परत येते.

निकष सैल करा, असे मी मुळीच म्हणत नाही. सियाचीनच्या बर्फात सवलतीचे गुण उपयोगी पडत नाहीत. परंतु परीक्षेच्या अर्जाबरोबरच उमेदवाराला त्याच्या उंचीनुसार वजनाची मर्यादा स्पष्ट आकड्यांत कळवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात तेव्हाच मोफत तपासणी व्हावी. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाने निवृत्त जवानांच्या मदतीने तीन महिन्यांचे वर्ग चालवावेत. आणि शालेय भोजन बारावीपर्यंत न्यावे. यांतील पहिल्या तिन्हींचा खर्च किरकोळ आहे. चौथा मोठा आहे, पण तो टाळण्याची किंमत आपण आजही मोजतोच आहोत.

तो मुलगा आता एका गोदामात सामान उचलण्याचे काम करतो. परवा फाटकावर भेटला. वजन आपोआप ७१ वर आले आहे, असे त्याने हसत सांगितले. वय बावीस झाले आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)