ओल्या रातांब्याचं कोकम अमृत

मंडळी, वाशी-नेरूळच्या बाजारात मे महिन्यात ओले, लालभडक रातांबे दिसले तर सोडू नका!

👉 धुऊन, कोरडे पुसून अर्धे चिरा. गर-बिया काढा.
👉 सालांच्या वजनाच्या दुप्पट साखर घ्या. काचेच्या बरणीत थरावर थर द्या.
👉 तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. रोज कोरड्या चमच्याने ढवळा. पाण्याचा थेंब लागला तर बुरशी येते.
👉 साखर विरघळली की गाळून मीठ, जिरेपूड घाला. एक भाग अर्काला पाच भाग गार पाणी.

अमृताचा रंग सालीतल्या अँथोसायनिनचा, वरून काही घालायला नको. ॲल्युमिनियमचं भांडं मात्र टाळा, आंबटपणा त्याला खातो.

बिया फेकू नका. वाळवून त्यांचं कोकमतेल निघतं, भेगाळलेल्या टाचांना उत्तम!

तुमच्याकडे प्रमाण काय?